बाबांना सगळं आठवतं, पण ‘सांबार म्हणजे काय?’ असं विचारतात: सिमँटिक डिमेन्शियाबद्दल एका लेकीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे, नागपूरला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. गेली दोन-तीन वर्षं वस्तूंची नावं सुटत चालली आहेत. आता आईने बाजारात ‘सांबार घ्या’ म्हटलं की ‘सांबार म्हणजे काय?’ असं विचारतात, आणि जुडी हातात दिली तरी ओळख पटत नाही. (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी: विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) इकडे रोज पहाटे एकटे फुटाळा तलावावर जाऊन येतात, पेपरातलं सुडोकू सोडवतात, पेन्शन कधी जमा झाली ते तारखेसकट सांगतात. एमआरआयच्या रिपोर्टात ‘वयानुसार मेंदू आकसला आहे’ असं लिहिलंय. एका डॉक्टरांनी अल्झायमर समजून डोनेपेझिल सुरू केलंय. भाऊ म्हणतो, ‘बाबा नाटक करून राहिले.’

ताई, पेशंट न तपासता निदान करू नये. पण तुम्ही लिहिलेलं चित्र इतकं ठळक आहे की अंदाज सांगून टाकतो: हा सिमँटिक डिमेन्शिया असण्याची शक्यता मोठी आहे. बाबा विसरत नाहीयेत. त्यांच्या डोक्यातून अर्थ निघून चाललाय. तपासणी कोणती करायची, औषध कोणतं द्यायचं, घरात कसं वागायचं, सगळं या एका फरकावर ठरतं, म्हणून आधी तो नीट समजून घ्या.

आपण ज्याला सरसकट ‘स्मरणशक्ती’ म्हणतो ती एक गोष्ट नाही. एंडेल टल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये तिचे दोन भाग वेगळे मांडले. काल काय घडलं, कुठे गेलो, कोण भेटलं, ही घडलेल्या गोष्टींची आठवण. दुसरा भाग ज्ञानाचा: लिंबू आंबट असतं, घुबड रात्री उडतं, पाना नट आवळायला लागतो. हे आपण कधी शिकलो ते कुणालाच आठवत नाही, पण माहीत असतं. अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा पहिला भाग आधी जातो. सिमँटिक डिमेन्शियात पहिला बराच काळ टिकतो आणि दुसरा झिजतो. असे बाबा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल भागात मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीला किती गर्दी होती, कुणाबरोबर गेलो होतो, येताना कुठे थांबलो, हे सांगतील, आणि त्याच दमात विचारतील, ‘मारबत म्हणजे काय असतं?’ घरच्यांना हे खोटं वाटतं ते त्यामुळेच. ज्याला गर्दी आठवते त्याला मारबत कशी कळत नाही? भावाला हे सांगा. त्याला शंका येणं चुकीचं नाही, फक्त उत्तर ‘नाटक’ नाही.

बिघाड असतो मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात, टेम्पोरल लोबच्या अगदी पुढच्या टोकाला. वस्तूचा रंग, आकार, आवाज, वास, तिचं नाव, ती हाताळण्याची सवय, हे सगळं मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असतं, आणि या टोकाशी ते एकत्र येतं असं आज बहुतेक संशोधक मानतात. सीताबर्डीचं मेट्रो इंटरचेंज बंद पडलं तर दोन्ही मार्गांवर गाड्या धावतील, पण एका मार्गावरून दुसऱ्यावर जाता येणार नाही. तसंच इथे. बाबांना जुडी दिसते, वास येतो, ‘सांबार’ हा शब्द स्वच्छ ऐकू येतो आणि तो ते जसाच्या तसा म्हणूनही दाखवतात. या सगळ्यांची गाठ पडत नाही.

म्हणून नुसतं ‘हे काय आहे?’ विचारून निदान होत नाही. नाव तर अल्झायमरमध्येही सुचत नाही, थकलेल्या शहाण्या माणसालाही सुचत नाही. माझ्या टेबलाच्या खणात एक डबा आहे: अडकित्ता, कुलूप, सोलाणं, शिट्टी, चिमटा, कवडी. अडकित्ता पुढे ठेवला की अल्झायमरचा पेशंट अडखळतो, पण ‘अहो ते सुपारीचं’ म्हणतो आणि हाताने कातरून दाखवतो. ‘अड...’ अशी सुरुवात करून दिली की बऱ्याचदा उरलेला शब्द येतो. सिमँटिक डिमेन्शियाचा पेशंट ‘अडकित्ता’ हा पूर्ण शब्द ऐकूनही शांतपणे म्हणतो, ‘हे मी पहिल्यांदाच ऐकतोय.’ नागपुरात आपल्याला आणखी एक सोय आहे. इथे बहुतेकांना हिंदी घरच्यासारखी येते. मी ‘सरौता’ म्हणून पाहतो. शब्द नुसता जिभेवर अडकला असेल तर दुसऱ्या भाषेतून वाट सापडते. अर्थच गेला असेल तर मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्हीकडे तीच कोरी नजर. मात्र तपासणारा इथला नसेल तर तुम्ही शेजारी बसा. पेशंटने कोथिंबिरीच्या चित्राला ‘सांबार’ म्हटलं म्हणून गुण कापलेले मी पाहिले आहेत.

अर्थ जातो त्यालाही एक क्रम असतो. आधी बारकावे जातात, ढोबळ गोष्टी मागे राहतात. घुबडाचं आधी ‘पक्षी’ होतं, पुढे ‘प्राणी’, मग ‘ते’. शेळी, हरीण, कोल्हा हे सगळे एक दिवस ‘कुत्रा’ होतात, कारण चार पायांचा सगळ्यात ओळखीचा प्राणी तोच. बदकाचं चित्र दाखवून काढून घेतलं आणि थोड्या वेळाने आठवणीने काढायला सांगितलं तर काही पेशंट त्याला चार पाय काढतात. प्राण्याला चार पाय असतात हा ढोबळ नियम उरलाय, बदक उरलेलं नाही. बोलणं मात्र अस्खलित. व्याकरण ठीक, उच्चार ठीक. नीट कान देऊन ऐकलं तर ‘ते’, ‘वस्तू’, ‘तिकडचं’ असे शब्द वाढलेले असतात, आणि शेजाऱ्यांना काहीच बिघडलेलं वाटत नाही. आकडे, दिशा, नकाशा सांभाळणारे भाग या आजारात उशिरापर्यंत शाबूत असतात. तेव्हा सुडोकू आणि फुटाळ्याची फेरी हा आजार नसल्याचा पुरावा धरू नका. माझ्या लेखी ती आजार ओळखण्याची एक खूण आहे.

इंग्रजी पुस्तकांत आणखी एक खूण दिलेली असते: स्पेलिंग आणि उच्चार जुळत नाहीत असे शब्द हे पेशंट अक्षरं लावून वाचतात. ‘पाइंट’ला ‘पिंट’, ‘यॉट’ला ‘याच्ट’. देवनागरी बहुतांशी जशी लिहिली तशी वाचली जाते, त्यामुळे मराठी वाचायला देऊन यातलं काही कळणार नाही. बाबा अभियंते आहेत, उभं आयुष्य इंग्रजीत नोंदी केल्या असतील. त्यांना इंग्रजी शब्द वाचायला देऊन पाहता येईल. जपानमध्ये त्सुनेओ इमुरा यांनी १९४३ मध्येच असे पेशंट नोंदवले होते, तिथे ही गडबड चित्रलिपीच्या अक्षरांत उघडी पडते.

आता तो एमआरआय. ६१ हे ‘वयानुसार’ म्हणून सोडून देण्याचं वय नाही, आणि वयाने मेंदू आकसतो तो साधारण दोन्ही बाजूंनी सारखा. इथे टेम्पोरल लोबचं पुढचं टोक, बहुतेक वेळा डावीकडचं, उरलेल्या मेंदूच्या मानाने फारच बारीक झालेलं दिसतं. समोरून घेतलेल्या उभ्या कापात, म्हणजे कोरोनल चित्रांत, ते पटकन लक्षात येतं. आडवे काप भराभर पाहिले तर निसटतं. फिल्म किंवा सीडी घेऊन पुन्हा रेडिओलॉजिस्टकडे जा आणि इतकंच विचारा: ‘दोन्ही टेम्पोरल पोल सारखे आहेत का?’ नेमका प्रश्न घेऊन गेलं की तीच फिल्म वेगळी दिसते. आणखी एक गोम आहे. या आजारात हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवणारा भाग, तोही आकसतो, आणि पुढच्या बाजूने जास्त. ‘हिप्पोकॅम्पस लहान म्हणजे अल्झायमर’ असा सरळ हिशोब करणारे इथे फसतात. तरीही शंका राहिली तर एफडीजी पेट स्कॅन करतात, त्यात मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतोय ते दिसतं. बी-१२, थायरॉइड, व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची), एचआयव्ही या रक्ततपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या, घरी शाकाहार असेल तर बी-१२ आधी. हे सगळं चार दिवसांत अचानक सुरू झालं असतं तर मी पक्षाघात शोधला असता. ताप आणि फिट येऊन झालं असतं तर नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूने मेंदूला आलेली सूज. वर्षावर्षाने हळूहळू उतरणारी गोष्ट वेगळी.

तुमच्याकडच्या कागदांवर पुढे वेगवेगळी नावं येतील, घाबरू नका. प्राग शहरात आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये या कुळातला पहिला पेशंट नोंदवला, म्हणून जुने डॉक्टर ‘पिक्स डिसीज’ म्हणतात. लंडनच्या एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७५ मध्ये तीन पेशंटांवरून दाखवून दिलं की अर्थाची स्मृती एकटीच जाऊ शकते. ‘सिमँटिक डिमेन्शिया’ हे नाव ज्युली स्नोडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दिलं. २०११ च्या निकषांत त्याच आजाराला ‘प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजियाचा सिमँटिक प्रकार’ म्हटलं आहे. आणि हे सगळं ज्या मोठ्या छत्राखाली येतं ते फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, एफटीडी. ब्रूस विलिस या नटाच्या कुटुंबाने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला एफटीडी असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून हे नाव लोक स्वतःहून विचारू लागले आहेत.

या छत्राखालचे बाकीचे आजार तुमच्या बाबांना लागू दिसत नाहीत, तरी दोन शब्द. एका प्रकारात बोलणंच तुटतं, शब्द घडवायला कष्ट पडतात, व्याकरण मोडतं, पण अर्थ कळतो. वाक्याच्या मध्येच शब्द शोधत थांबणारा, ‘लोगोपेनिक’ म्हणतात तो प्रकार, मुळात बहुतेक वेळा अल्झायमरच निघतो. आणि सगळ्यात जास्त घरं उद्ध्वस्त करतो तो वागणुकीचा प्रकार. पन्नाशीतला समजूतदार माणूस चारचौघांत भलतंच बोलू लागतो, पैसे उधळतो, अंगावरचे कपडे बदलत नाही, बायको आजारी पडली तरी ढिम्म हलत नाही, गोड दिसलं की सुटतो. भाषा आणि आठवण चांगली असते, नेहमीच्या स्मृतिचाचणीत तीसपैकी अठ्ठावीस गुण येतात, आणि वर्षानुवर्षं मानसिक आजार, दारू किंवा ‘सासूने काहीतरी केलं’ या नावांखाली उपचार होत राहतात. एफटीडी बऱ्याचदा पंचेचाळीस ते पासष्ट या वयात सुरू होतो. घरात कर्ज चालू असतं, मुलीचं लग्न व्हायचं असतं. या वयात डिमेन्शियाचा विचार नातेवाइकांच्या मनात येत नाही, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ डॉक्टरांच्याही नाही.

वागणुकीतले बदल सिमँटिक डिमेन्शियातही येतात, विशेषतः उजवी बाजू झिजू लागली की. ओळखीचे चेहरे परके होतात. घड्याळाच्या काट्यावर जेवण, तीच भाजी, तीच खुर्ची. गोडाची ओढ. आणि दुसऱ्याच्या दुःखाची दखल घेणं थांबतं. तुमच्या आईसाठी हे सगळ्यात जड जाणार आहे. ती पाय मुरगळून पडेल आणि बाबा तिला ओलांडून सुडोकूकडे जातील. रडणाऱ्या चेहऱ्याचा अर्थ लावणंही याच भागाचं काम आहे. हे आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर इतक्या वर्षांच्या संसाराचा हिशोब ती त्या एका संध्याकाळवरून मांडेल.

औषधाबद्दल आशा वाढवून ठेवत नाही. हा आजार थांबवणारं किंवा मागे फिरवणारं औषध आज नाही. मेंदूत साठणारं प्रथिन इथे वेगळं आहे, बहुतेक पेशंटांत टीडीपी-४३, जे २००६ मध्ये ओळखलं गेलं. त्यामुळे अल्झायमरमध्ये साठणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाविरुद्ध आलेली नवी इंजेक्शनं याला लागू नाहीत, कुणी सुचवली तरी त्यासाठी घर गहाण टाकू नका. डोनेपेझिलचा एफटीडीत फायदा दिसलेला नाही, उलट काहींची चिडचिड आणि अस्वस्थता वाढते. ते स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी हा विषय काढा. मेमॅन्टिन या अल्झायमरच्याच दुसऱ्या औषधाच्या चाचण्यांतूनही काही हाती लागलं नाही. हट्ट, खा-खा, बेचैनी यांवर सर्ट्रालिन, सिटॅलोप्राम किंवा ट्रॅझोडोन या नैराश्यावरच्या औषधांचा काहींना उपयोग होतो. मनोविकारांवरची जड औषधं शक्यतो टाळतो, कारण या पेशंटांचं अंग त्यांनी लवकर कडक होतं.

घरात काय करायचं, इथे तुमच्या हातात बरंच आहे. सगळ्यात आधी परीक्षा घेणं थांबवा. ‘हे काय, ओळखा पाहू’ हा खेळ पाहुणे आले की हमखास सुरू होतो. त्याने शब्द परत येत नाही, माणूस मात्र खचतो. सुरुवातीच्या काळात पेशंटला आपलं काय चाललंय ते कळत असतं. बाबा उदास वाटले, जगण्याबद्दल काही बोलले, तर सरळ विचारा आणि डॉक्टरांना सांगा. रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

डिमेन्शियाच्या सल्ल्यांत डब्यांवर नावं चिकटवायला सांगतात. अल्झायमरला ते चालतं. बाबांच्या बाबतीत ‘तिखट’ या शब्दाचाच अर्थ गेला असेल तर चिठ्ठी काय करणार? त्याऐवजी वस्तूची जागा आणि रूप कायम ठेवा. या पेशंटांना स्वतःच्या रोजच्या वापरातली वस्तू कळते, तशीच दुसरी दिली तर कळत नाही. त्यांचा दांडी उडालेला स्टीलचा मग फेकून नवा आणलात तर एक ओळखीची वस्तू कमी झाली. दिवाळीच्या साफसफाईत हे भान ठेवा. बोलताना मोठ्याने ओरडू नका, कान चांगले आहेत. वस्तू उचलून वापरून दाखवा, लगेच पुढचं जमतं.

वाचा-भाषा चिकित्सकांकडे जरूर जा. मोबाइलवर बाबांच्याच वस्तूंचे फोटो काढून एक वही करा: फोटो, नाव, आणि त्यांच्या आयुष्यातलं एक वाक्य. ‘ही लेव्हल मशीन. गोसीखुर्दच्या कालव्यावर मी ही लावायचो.’ रोज थोडा वेळ. सराव केलेले शब्द काही काळ टिकतात. सराव थांबला की जातात, आणि एका शब्दाच्या आधाराने दुसरा परत येत नाही. म्हणून रोज लागणारे मोजकेच शब्द निवडा. वाघ-सिंहाची यादी नको, त्यांच्या औषधाची डबी, चष्मा, नातवाचं नाव हवं. सुडोकू, पाढे, चालणं, भजनाची सवय असेल तर भजन, हे सगळं चालू द्या.

धोके मात्र वेगळ्या जातीचे आहेत. बाबा हरवणार नाहीत कदाचित, पण गॅसचा वास येऊनही ‘गॅस गळतोय’ हे त्यांना कळणार नाही. फिनाइलची बाटली आणि सरबताची बाटली यांतला फरक नावाने नाही, अर्थाने कळतो, तेव्हा फिनाइल, उंदीर मारायचं औषध, फवारणीचं औषध कुलपात. फेरीची वेळ ठरलेली असते आणि ते ती बदलत नाहीत. आज पहाटेची आहे, उद्या दुपारी बाराची झाली तर मे महिन्यात ४५ अंशांतही ते निघतील. वेळ पहाटेचीच राहील असं पाहा, पाणी बरोबर द्या. स्कूटर थांबवायला हवी. रस्ता आठवतो म्हणून ती चालू ठेवतात, पण सिग्नल आणि पाट्या हा सगळा अर्थाचाच कारभार आहे. आणि ओटीपी मागणाऱ्या फोनला बाबा नम्रपणे ओटीपी सांगतील.

पैशाची कामं याच वर्षी उरका. बरेच लोक पॉवर ऑफ अॅटर्नी करून निर्धास्त होतात. पण भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०१ प्रमाणे ती देणारा माणूस मनाने सक्षम राहिला नाही की ती संपते, म्हणजे गरज पडते नेमकी तेव्हाच. खाती आईबरोबर संयुक्त करा, नॉमिनी तपासा. मृत्युपत्र करायचं असेल तर बाबांना ते समजतंय असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून नोंदवून घ्या. व्यवहार कळण्याची क्षमता आज त्यांच्यात असेल, वेळ गेली तर उच्च न्यायालयात पालक नेमण्यासाठी अर्ज करत बसावं लागतं. आजार चालतो बराच, सुरुवातीपासून दहा-बारा वर्षंही. तेव्हा आईला आठवड्यातून दोन दिवस तरी सुट्टी मिळेल अशी व्यवस्था भावाबरोबर आताच बसून ठरवा.

‘आम्हालाही होईल का?’ हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सगळीच मुलं दार लावून घेतल्यावर विचारतात. वागणुकीच्या प्रकारात घराण्यात चालत येण्याचं प्रमाण बरंच आहे. सिमँटिक प्रकारात ते फार कमी. घरात आणखी कुणाला असा आजार किंवा मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायूंना हलवणाऱ्या नसपेशी झिजून अंगातली ताकद जाणारा आजार) झालेला नसेल तर जनुकीय चाचणीच्या मागे लागण्याची गरज मला वाटत नाही.

पुन्हा दाखवायला नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीत किंवा तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जाल तेव्हा एमआरआयची सीडी, बाबांच्या घरातल्या बोलण्याचा छोटा व्हिडिओ आणि काही वर्षांपूर्वीचं त्यांनी लिहिलेलं एखादं पत्र घेऊन जा. अजून पक्कं होत नसेल तर बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशा आजारांसाठी वेगळं क्लिनिक आहे. पुढची तारीख सहा महिन्यांनी दिली तरी चालेल. मात्र एफटीडीच्या काही पेशंटांत मोटर न्यूरॉन डिसीज जोडीला येतो. घास घशात अडकायला लागला, हाताची बोटं बारीक पडू लागली, शर्टाची बटणं लावताना जोर कमी पडतोय असं दिसलं किंवा दंडाचे स्नायू आपोआप फडफडताना दिसले, तर तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा.